सोऱ्याची कढई

नगरच्या नागापूर एमआयडीसीत काचेचे ग्लास आपटायचा पगार घेणारी एकच बाई होती, आणि ती म्हणजे जयमाला साळवे. घरात ग्लास फुटला तर पाठीत धपाटा बसतो आणि इथे फोडल्याबद्दल पगार मिळतो, हे जामखेडला तिच्या घरी कुणालाच धड पटलं नव्हतं. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. ते शेजाऱ्यांना ‘संशोधन’ असा भारदस्त शब्द सांगून मोकळे व्हायचे. आजी भीमाबाईला तेवढंही जमायचं नाही. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली नात भांडी फोडायला लागली, म्हणून ती कपाळाला हात लावायची.

कारखाना कसला, एक पत्र्याची शेड. मालक हर्षल औटी, मूळचा पारनेरचा, तिशीतला. परमुलखात एका काचकारखान्यात नोकरी करताना त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं आणि नोकरीवर पाणी सोडून तो नगरला आला. बाजारातून साधे चहाचे ग्लास आणायचे, वितळलेल्या सोऱ्यात तासन्‌तास बुडवून ठेवायचे, बाहेर काढून निववायचे, धुवायचे आणि ‘पडला तरी फुटत नाही’ म्हणून हॉटेलवाल्यांना विकायचे, असा एकंदर धंदा. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, शोभेच्या दारूत पडतो तोच. शेडच्या मधोमध भट्टीवर त्याची पोलादी कढई रात्रंदिवस तापलेली असायची, कारण एकदा का निवली की आतला रस दगडासारखा थिजून बसायचा. कढई तशी फार मोठी नव्हती. हर्षलची ऐपत होती तेवढीच होती.

त्या कढईत नेमकं काय घडतं, हे जयमाला येणाऱ्या-जाणाऱ्याला एसटीच्या भाषेत समजवायची. काचेच्या अंगात सोडियमचे बारके कण बसलेले असतात. सोऱ्यात तापले की ते उठून बाहेर येतात आणि त्यांच्या जागेवर पोटॅशियमचे थोराड कण जाऊन बसतात. तिघांच्या बाकावर तीन पैलवान दाटीवाटीने बसले, की गाडी खड्ड्यात कितीही आदळो, कुणी जागचं हलत नाही. काचेची वरची कांतीही तशी आवळून बसते आणि तिला तडा जायला वावच उरत नाही. ऐकणारा मान डोलवायचा आणि मग हमखास विचारायचा, की मग बाई, तुम्ही दिवसभर फोडता काय?

तर ती फोडायची ते खात्रीसाठी. एका कोपऱ्यात प्लास्टिकचा उंच पाइप उभा केलेला, त्याला खालपासून वरपर्यंत भोकं. बुडाशी ग्लास पालथा घालायचा आणि भोकातून बेअरिंगमधला पोलादी गोळा आत सोडायचा. साधा ग्लास सगळ्यात खालच्या भोकालाच राम म्हणायचा. कढईतून निघालेला ग्लास मात्र थेट वरच्या भोकातून आलेला गोळाही टण्णकन उडवून लावायचा. त्या टण्णची जयमालाला चटक लागली होती. प्रत्येक घाण्यातले काही ग्लास ती असे पारखायची आणि तिने मान हलवली, की मगच बाकीचे खोक्यात जायचे.

दसऱ्याच्या सुमारास नगरच्या हॉटेलवाल्यांना बोलावून हर्षलने एका हॉलमध्ये प्रयोग ठेवला. जयमाला खुर्चीवर चढली आणि तिने शहाबादी फरशीवर ग्लास सोडून दिला. तो उडाला, घरंगळला आणि टेबलाखाली जाऊन निवांत पडला. सगळी माणसं डोळे फाडून बघत राहिली. त्या भरात ती बोलून गेली, “या ग्लासाची जबाबदारी माझी.” हर्षल धंद्यात कच्चा असला तरी एवढा कच्चा नव्हता. त्याने ते वाक्य पत्रकावर छापून घेतलं आणि खाली तिचं नाव घातलं, बीएस्सीसकट. साळव्यांच्या घरातलं कुणाचं नाव छापून आल्याची ती पहिलीच वेळ. गुरुजींनी ते पत्रक बुद्धवंदनेच्या पुस्तकात जपून ठेवलं होतं.

शेडच्या पाठीमागे दोन खोल्या होत्या. तिथे हर्षल आणि त्याची आई सुमनबाई राहायची. सुमनबाई विधवा, बोलायला फटकळ, हाताने सढळ. परसातल्या चुलीवर तिने मिरचीची फोडणी दिली, की भट्टीवरची माणसं खोकत बाहेर यायची. जयमाला कामाला लागली तेव्हा पहिले काही महिने तिचा चहा स्टीलच्या एका वेगळ्या कपातून यायचा आणि तो कप धुऊन खिडकीत निराळा पालथा घातलेला असायचा. त्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या वडिलांनी उभ्या जन्मात असे कप पुष्कळ पाहिले होते. मग पावसाळ्यात सुमनबाई तापाने फणफणली, आणि नेमका हर्षल गावाला गेलेला. जयमालाने तिचं डोकं चेपलं, पेज करून पाजली, रात्री उशाशी बसली. म्हातारी उठून हिंडायला लागली आणि खिडकीतला कप दिसेनासा झाला. चहा आता कारखान्याच्याच ग्लासात, चुलीपाशी पाटावर बसून मिळायला लागला, आणि साखर दुप्पट. यावर दोघींपैकी एकीनेही कधी चकार शब्द काढला नाही.

इतकं सगळं मार्गी लागलं होतं आणि दिवाळी सरली तसे ग्लास फुटायला लागले.

आधी एका हॉटेलवाल्याने काचांची पिशवी आणून हर्षलच्या टेबलावर ओतली. मग दुसऱ्याने. जयमालाच्या पाइपाखालीही तेच रडगाणं सुरू झालं. वरच्या भोकाला टिकणारे ग्लास मधल्या भोकाला जायला लागले, सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत मधल्याच्याही खाली आले. टण्ण जाऊन खळ्ळ आलं. जयमालाने भट्टीची उष्णता पुन्हा पुन्हा तपासली, ग्लास बुडवून ठेवायचा वेळ वाढवला, काचेचा माल दुसरीकडून मागवला. काही केल्या उपयोग होईना. तिला रात्री स्वप्नातसुद्धा खळ्ळ ऐकू यायचं.

शेवटी तिने कॉलेजात शिकलेला जुना खेळ केला. तारेच्या टोकावर नव्या पोत्यातला सोरा घेऊन ज्योतीत धरला. ज्योत फिकट जांभळी झाली, म्हणजे माल चोख. मग कढईतला थेंब धरला, तर ज्योत हळदीसारखी पिवळी भडकली. पिवळी म्हणजे सोडियम. थोडं सोडियम कढईत उतरणारच, ग्लासातून निघालेले बारके कण जाणार तरी कुठे? पण इतकं साचायला वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. बाहेरच बारक्यांची एवढी गर्दी झाल्यावर आतला कोण आपली जागा सोडून उठेल, आणि थोराडांना बसायला मिळेल कसं? कुणीतरी कढईत काहीतरी टाकत होतं, एवढं नक्की.

तिने हे हर्षलला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोऱ्याच्या खोलीला कुलूप दिसलं आणि किल्ली हर्षलच्या खिशात. सोरा वजन करून कढईत टाकण्याचं काम आजवर जयमालाकडे होतं. ते आता तो स्वतः करायला लागला. तिला तो एका शब्दाने वावगं बोलला नाही. बोलला असता तर तिने चार शब्द सुनावले तरी असते. दुसऱ्या कुणाच्या घरची पोरगी असती तर हे कुलूप लागलं असतं का, हा विचार तिने मनात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, पण तो आलाच, आणि आला तो मुक्कामालाच राहिला.

कुलूप लागूनही ग्लास फुटतच राहिले. जिल्ह्यातल्या बऱ्याच एसटी स्टँडांवरची कँटीनं ज्याच्याकडे होती, तो गोरक्षनाथ पठारे बुधवारी ग्लास पारखायला येणार होता. त्याने माल घेतला तर शेड तगणार, नाही तर भट्टी विझणार. सोमवारी हर्षल तिला म्हणाला, की पठारे शेठ येऊन जाऊ द्या मॅडम, मग तुमचं काय ते बघू. त्या ‘बघू’चा अर्थ न कळण्याइतकी ती दूधखुळी नव्हती. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण पत्रकावरचं नाव पुसायचं कशाने? जामखेडला जाऊन वडिलांना काय सांगायचं, की तुमच्या मुलीने जबाबदारी घेतली आणि तिच्यावरच कुलूप लागलं?

त्या सोमवारी संध्याकाळी ती नगरातल्या आपल्या भाड्याच्या खोलीवर गेलीच नाही. तिचा संशय पहारेकऱ्यावर, मच्छिंद्रवर होता. सगळे गेले की हा डिझेल वाचवायला ज्योत बारीक करत असेल, आणखीही काही उद्योग करत असेल, म्हणून ती रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसली. हर्षल वसुलीला गावात गेला होता. मच्छिंद्र फाटकाशी स्टुलावर बसून रेडिओ ऐकत होता आणि मधून मधून गायकाच्या वर आपला आवाज चढवत होता. त्याने भट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जयमालाला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

तिन्हीसांज झाली. मागचं दार करकरलं आणि सुमनबाई आत आली. डोक्यावरून पदर घेतलेला, पदराखाली ताटली. तिने आकडीने कढईचं झाकण सरकवलं, दोन्ही मुठी भरून घेतल्या आणि कढईवरून ओवाळायला सुरुवात केली. ओठ पुटपुटत होते. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, हाटेलवाल्यांची, डिझेल आननाऱ्याची, नळीतनं गोळा टाकनारीची, ज्याची कुनाची लागली आसंल त्याची उतरू दे. आपलंही नाव यादीत आहे हे ऐकून जयमालाला हसावं की रडावं ते कळेना. मग म्हातारीने मुठी कढईवर उघडल्या. खडेमीठ, मोहरी, लाल मिरच्या. भस्सकन लखलखीत जाळ उठला आणि क्षणात विझला. सुमनबाईने नाक वर करून वास घेतला, वाट पाहिली, आणि चिंताक्रांत होऊन मान हलवली.

खोक्यांमागे जयमालाने तोंडावर हात दाबला. मीठ! दोन-दोन मुठी खडेमीठ! सोडियम दुसरं काय असतं? छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला केला असं तिला वाटलं. आपण चुकलो नव्हतो. आपलं गणित बरोबर होतं, हात बरोबर होता, ज्योत खरं बोलली होती. तिला मोठ्याने हसायची इच्छा झाली. पण हसू ओठांवर येण्याआधीच समोर ती वाकलेली पाठ दिसली आणि दुसरी काळजी सुरू झाली. हे आता या बाईला सांगायचं कोणी आणि कसं? हर्षलला सांगणं सोपं होतं. पण ज्या चुलीपाशी पाट मिळवायला एवढे दिवस लागले, त्या चुलीकडे मग पुन्हा बघवलं नसतं.

ती उठून पुढे आली आणि हळूच म्हणाली, “मावशी.”

सुमनबाई दचकली, पण चोरी पकडल्यासारखी नाही. उलट तिला बोलायला माणूस मिळालं. तिने सगळं मन मोकळं केलं. त्या हॉलमधल्या प्रयोगात माणसं कशी वखवखल्या डोळ्यांनी बघत होती, ते तिने स्वतः पाहिलं होतं. तेव्हाच तिच्या काळजात चर्र झालं. मग दिवाळीच्या अवसेला तिने पहिल्यांदा कढईची दृष्ट काढली. पुढे ग्लास फुटायला लागले, तेव्हा दर शनिवारी काढली. तरी फुटायचे थांबेनात, म्हणून रोज. एका मुठीच्या दोन मुठी झाल्या. लेकाला सांगितलं असतं तर त्याने हसण्यावारी नेलं असतं, म्हणून तो नसताना.

“आन् येवढ्या मिरच्या टाकल्या, पन एकदा ठसका न्हाई लागला बग,” ती म्हणाली. “माझ्या चुलीत येक मिरची पडली तर आळी खोकती. हितं मूठभर टाकली तरी वास न्हाई. मग तूच सांग, दृष्ट हाय का न्हाई? लई जबर हाय.”

तिचा हिशेब चोख होता, हे जयमालाला मान्य करावं लागलं. दृष्ट नसली तर मिरचीचा खकाणा उठतो, असली तर दृष्टच मिरची गिळून टाकते, हे तिलाही माहीत होतं. गुरुजींच्या घरात असलं काही चालत नव्हतं. पण ती दहावीला तालुक्यात पहिली आली, त्या संध्याकाळी भीमाबाईने गुरुजींची पाठ वळल्यावर घरामागे नेऊन गुपचूप तिची दृष्ट काढली होती, आणि सगळी गल्ली खोकली होती. भीमाबाई कोण खूश झाली होती. म्हणजे वाद घालण्यात अर्थ नव्हता. वादाने भीमाबाई कधी बधली नव्हती, ही कुठून बधणार? जयमालाला एकच गोष्ट येत होती, पारखायची. तिने पारखायचं ठरवलं.

“मावशी, बरणीतनं दोन मिरच्या आणता? कशावरूनच ओवाळायच्या नाहीत. नुसत्या आणा.”

सुमनबाई बुचकळ्यात पडली, पण घेऊन आली. जयमालाने लांब दांड्याच्या पळीने कढईतला थोडा रस काढला, पळी वाळूवर ठेवली, म्हातारीला चार पावलं मागे उभं केलं आणि चिमट्याने त्यात मिरची टाकली. भस्स. जाळ उठला, विझला. वास नाही, ठसका नाही. मग ती सुमनबाईला परसात घेऊन गेली आणि दुसरी मिरची चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. दोघीही खोकून खोकून बेजार झाल्या.

“दोन्ही एकाच बरणीतल्या,” डोळे पुसत जयमाला म्हणाली. “दोन्ही कुणावरून ओवाळल्या नव्हत्या. सोरा असा जाळतो की मिरचीचा मागमूस उरत नाही. या कढईत कुणाचीही मिरची टाका मावशी, ठसका लागणारच नाही. तो दृष्टीचा गुण नाही, सोऱ्याचा आहे.”

सुमनबाई चुलीपुढच्या पाटावर बसली. तिची अडाण्यात गणना करणारा स्वतःच अडाणी ठरला असता. जयमालाला नको असलेला तोच एक प्रश्न तिने विचारला.

“आन् मीठ?”

जयमाला निखारे सारखे करायला लागली.

“मिरची जळती. मीठ तर जळत न्हाई. त्ये कुठं जातं गं?”

“आतच राहतं,” जयमाला म्हणाली. मग तिने एसटीच्या बाकाची गोष्ट पुन्हा सांगितली, जमेल तितकी मऊ करून. सांगताना ती शंभरदा म्हणाली, की तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, मी सरांना काही बोलणार नाही, उद्या कढई नवी भरू, झालं गेलं विसरून जाऊ. सुमनबाईने ते ऐकलं की नाही कोण जाणे. आपण ज्याच्यासाठी मुठी ओवाळल्या त्याच्याच ताटात माती कालवली, एवढं तिला पुरतं कळलं होतं.

तेवढ्यात हर्षलची स्कूटर आली. दोघींना तशा बसलेल्या बघून तो दारातच थबकला. जयमाला काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडणार, तोच म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिने आधी काहीच सांगितलं नाही. ती फळीकडे गेली, मिठाची बरणी काढली आणि लेकाच्या पुढ्यात ठेवली.

“त्या खोलीचं कुलूप काढ,” ती म्हणाली. “लावायचं आसंल तर ह्या बरनीला लाव.”

मग तिने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. हर्षल ऐकता ऐकता पायरीवर बसला. आईचा चेहरा बघून त्याला रागवता येईना. खरं तर त्यालाही सुटल्यासारखंच वाटत होतं. कारखान्यात घरभेदी कोण, या विचाराने तो गेले कित्येक दिवस पोखरला होता, आणि घरभेदी निघाली ती दृष्ट काढणारी आई. त्याने खिशातून किल्ली काढली आणि जयमालाच्या बाजूला पायरीवर ठेवली. मग ती परत उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “चुकलो, मॅडम.” जयमालाने किल्ली घेतली. तिला पुष्कळ बोलायचं होतं, महिनाभर मनात जुळवून ठेवलेलं. पण आता ते बोलायची गरज वाटली नाही.

त्या रात्रीच कढई उपसायला घेतली. मंगळवारी सकाळी नवी पोती फुटली, सोरा वितळला, जयमालाने ज्योत धरून बघितली आणि ग्लासांचा घाणा आत सोडला. सुमनबाई दिवसभर शेडच्या दारात बसून होती. कढईच्या आसपास कुणी फिरकलं की विचारायची, हातात काय हाय? मच्छिंद्र बिचारा भाकरीबरोबर मीठ-कांदा घेऊन आत येत होता, त्याला तिने फाटकापर्यंत पिटाळलं.

बुधवारी गोरक्षनाथ पठारे आला. सफारी घातलेला, पोट पुढे, कानावर केस. जयमालाने पाइप दाखवला. सकाळीच त्याखाली ग्लासांनी टण्ण केलं होतं आणि तिचा जीव भांड्यात पडला होता. पठारेने पाइपाकडे बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, आमच्या पोरांच्या हातात नळी नसती बाई, घमेलं असतं. त्याने पाण्याने भरलेलं घमेलं मागवलं, त्यात ग्लास लोटले आणि कँटीनची पोरं विसळतात तसे दोन्ही हातांनी घुसळले. शेडभर नुसता खणखणाट. मग एकेका बोटात एकेक ग्लास अडकवून त्याने मूठच्या मूठ लोखंडी टेबलावर आदळली. मग टेबलाच्या कडेवरून एक ग्लास कोपराने ढकलून दिला, जणू चुकून. ग्लास फरशीवर उडाला, घरंगळला आणि दाराशी उभ्या सुमनबाईच्या पायाशी जाऊन थांबला. तिने तो उचलला नाही. तिची तेवढीही हिंमत होत नव्हती.

पठारेने आणखी एक ढकलला. तो वाचला. आणखी एक ढकलला, तो टेबलाच्या लोखंडी पायाच्या धारेवर आपटला आणि त्याचा चुरा झाला.

पठारेने बुटाने काचा बाजूला सारल्या, खिशातून घड्या पडलेलं ते पत्रक काढलं आणि विचारलं, “ह्यातल्या साळवे कोन?”

“मी,” जयमाला म्हणाली. आवाज नीट निघाला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

“जबाबदारी तुमची?”

“माझी.”

“मग मिटलं,” पठारे म्हणाला. “सगळेच वाचले असते तर मी म्हनालो असतो, ह्यात हातचलाखी हाय. ह्यो फुटला म्हंजी काचच हाय.” आणि तो हर्षलशी खोकी कधी, किती, कुठल्या स्टँडवर पोचवायची ते बोलायला लागला. जयमाला पाइपाशी जाऊन भिंतीला टेकली. तिला भूक लागली होती. किती दिवसांनी अशी कडकडून भूक लागली होती.

पठारेची जीप धूळ उडवत गेली तरी सुमनबाई दारातच घुटमळत होती. शेवटी तिने जयमालाला परसात बोलावलं. चूल पेटलेली होती आणि बाजूला तीच ताटली. म्हातारी खाली बघत म्हणाली, “त्यो शेठ कसा टकामका बघत हुता तुझ्याकडं. मला ठावं हाय, तुमच्यात चालत न्हाई.”

“नाही चालत,” जयमाला म्हणाली. “पण माझी आजी चोरून करायची.”

आणि ती चुलीपुढच्या पाटावर मुकाट्याने बसली. सुमनबाईच्या मुठी तिच्या डोक्यावरून पायापर्यंत उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, जीपवाल्या शेठची. या वेळी यादीत नळीतून गोळा टाकणारी नव्हती. मग मीठ, मोहरी, मिरच्या सगळं चुलीत पडलं.

असा खकाणा उठला, की विचारू नका. सुमनबाई पदर तोंडाला लावून वाकली. हर्षल शेडमधून काय झालं म्हणून धावत आला आणि अर्ध्या वाटेतच खोकत उलटा फिरला. फाटकावर मच्छिंद्रचं गाणं कडव्यातच तुटलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या, श्वास घ्यायची सोय नाही, आणि त्यातच म्हातारी आनंदाने जयमालाची पाठ थोपटत सांगत होती, “न्हाई लागली. पोरी, कुनाचीसुदीक न्हाई लागली.”

जयमालाने ओढणीने डोळे पुसले आणि ती आणखी एकदा मनसोक्त खोकली.